बाटलीच्या गळ्यातली गाठ

१

आत्या शुद्धीवर आली ती भांडायलाच. डोळे पुरते उघडलेही नव्हते. हाताला सलाइन, तोंडात ग्लुकोजचा चिकट गोडवा, आणि कॉटच्या दोन्ही बाजूंनी तिच्याविषयी बोलणं चाललेलं, जणू ती तिथे नव्हतीच.

"इन्शुलिनचा डोस किती असतो यांचा?" ड्यूटीवरचा डॉक्टर विचारत होता.

"सोळा युनिट. सकाळ-संध्याकाळ," तिचा भाचा ठामपणे म्हणाला.

"सोळाने साखर इतकी खाली जात नाही. नाश्ता झाला होता?"

"झाला होता. माझी बायकोच देऊन आली होती."

"मग दोनदा टोचून घेतलं असणार. एकदा घेतलं, विसरल्या, परत घेतलं. या वयात होतं असं."

"होत नाही," आत्या म्हणाली.

दोघेही दचकले. डॉक्टरने पुढे होऊन तिला आजचा वार विचारला, स्वतःचं नाव विचारलं, बोटं दाखवून किती ते विचारलं. आत्याने तिन्ही उत्तरं बरोबर दिली आणि वर त्याच्या खिशातल्या पेनला टोपण नसल्याचं सांगितलं. डॉक्टर हसला आणि कागदावर "डोस दोनदा घेतला" असं लिहून निघून गेला.

खरं तर तिचा डोस सोळा राहिलाच नव्हता. गेल्या काही आठवड्यांत साखर उगाचच चढत गेली होती आणि तिच्या नेहमीच्या डॉक्टरीणबाईंनी डोस हळूहळू सव्वीसवर नेला होता. हे तिने घरात कोणालाच कळू दिलं नव्हतं. कळलं असतं तर भाच्याने "तुला एकटीला झेपत नाही" हे पालुपद दुसऱ्या मिनिटाला सुरू केलं असतं. शिवाय सव्वीस घेऊनही ती इतके दिवस खणखणीत होती. म्हणजे दोष सव्वीसचा नव्हता, आणि ते बोलून हाती काही लागणार नव्हतं. 

भाचा स्टुलावर टेकला. आई गेल्यापासून याला तिनेच वाढवला होता. आता त्याचे केस पिकायला लागले होते, पण बुटाची नाडी अजूनही सुटायला आलेलीच होती. सरळ गाठ याला कधी जमली नाही.

"आत्या, रविवारी मी टेम्पो घेऊन येतो," तो हळू आवाजात म्हणाला. "तू आमच्याकडे राहायचं. दुकान बंद. शटरच्या किल्ल्या मी काढून घेतल्यात."

"कोणाला विचारून?"

"तू पुठ्ठ्यांवर उताणी पडली होतीस! सुईताई वेळेवर आल्या नसत्या तर?"

"तर मेले असते. पण दोनदा टोचून मेले नसते."

"हेच ते. तुला आठवत नाही, आणि आठवत नाही हेही आठवत नाही."

आत्याच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. दुकान म्हणजे तिचं पुस्तकबांधणीचं दुकान. मागच्या खोलीत ती राहायची, पुढच्या खोलीत काम करायची आणि अख्खी गल्ली तिला आत्या म्हणायची. त्या किल्ल्या गेल्या की ती कोणाच्या तरी मागच्या खोलीतली म्हातारी होणार होती. लोक तिला मोठ्याने आणि सावकाश बोलून समजावणार होते. त्यापेक्षा मरण परवडलं.

भाचा चहा आणायला गेला आणि आत्याने डोळे मिटून ती सकाळ पहिल्यापासून आठवून पाहिली. बाटली काढली, तळहातांमध्ये घोळवली, औषध भरलं, टोचलं, सिरिंज डब्यात टाकली. मग ती कॉटवर ताडकन उठून बसली, इतकी की सलाइनची नळी ताणली गेली. पाकिटातली ती शेवटची सिरिंज होती.

दोनदा टोचायला दुसरी सिरिंज आणली कुठून?

२

घरी सोडल्यावर आत्या खोलीत गेलीच नाही. मागच्या दाराने थेट दुकानात शिरली. शटर बंद असल्यामुळे आत अंधार होता. दिवा लावला तेव्हा दाबयंत्र, पुठ्ठे कापायची कात्री, शिवणीची चौकट आणि कोपऱ्यातला जुना एकदारी फ्रीज जागच्या जागी दिसले. त्या फ्रीजमध्ये दोनच गोष्टी असत, पिठाची खळ आणि आत्याचं इन्शुलिन. दोन्ही वरच्याच कप्प्यात, बर्फाच्या खणाखाली.

सुईताई तिची वाटच बघत होती. पुस्तकाचे फर्मे शिवायला हिच्यासारखा हात दुसरा नाही, म्हणून ती सुईताई. आत्याहून लहान, पण इतकी वर्षं शेजारी बसून आता दोघी एकमेकींवर हक्काने चिडत.

"माझ्या सिरिंजचं नवीन पाकीट कोण आणणार होतं?" आत्याने विचारलं.

"मीच. त्या दिवशी सकाळी घेऊन येत होते ना. दार उघडलं तर तुम्ही पडलेल्या. पिशवी तशीच टाकून धावले." तिने खुंटीवरची पिशवी काढली. पाकीट आत होतं आणि त्याची चिकटपट्टी शाबूत होती.

"आणि तो डबा हलवून बघ."

डबा सरसाचा होता. झाकण डाग देऊन बंद केलेलं, वर फक्त एक फट. वापरलेली सिरिंज फटीतून आत गेली की बाहेर काढायची सोय नव्हती. सुईताईने डबा कानाशी नेऊन खुळखुळवला आणि तिचे डोळे मोठे झाले.

"म्हणजे दोनदा घेणं शक्यच नाही!"

"तेच तर मी कोकलून सांगतेय."

"मग आत्या, तुम्ही पडलात कशाने?"

 डोस तोच, नाश्ता तोच, बाई तीच. आत्याने फ्रीज उघडला.

"तुमचं नेहमी खरंच असतं म्हणा," सुईताई मागून पुटपुटली. "खळीवरून मला नाही नाही ते बोललात, तेव्हाही तुमचंच खरं होतं."

"कधीचं उकरून काढतेस? ती कसर लागलेली पुस्तकं आली तेव्हाचं? खळ बिघडलीच होती. पाणी सुटलेलं आणि खाली स्पंजासारखा गोळा."

"मी नेहमीसारखीच शिजवली होती. पीठ तेच, भांडं तेच."

आत्याने तिकडे कानाडोळा केला, कारण तिच्या हातात बाटली होती. तिचा एक रिवाज होता. वापरात घेतलेल्या बाटलीच्या गळ्याला ती मेणाच्या दोऱ्याचा एक वेढा बांधायची. न उघडलेली बाटली कोरी. चष्मा सापडला नाही तरी बोटांना कळायला हवं. तिने बाटली सवयीने तळहातांत घोळवली. औषध एकसारखं दुधी झालं. त्या सकाळीही असंच झालं होतं आणि तिला बरं वाटलं होतं. कारण आधीचे कित्येक दिवस काचेला आतून पांढरे कण चिकटलेले दिसत, कितीही घोळवलं तरी. चष्म्याला खळ लागली असेल, म्हणून ती रोज चष्मा पुसत बसायची.

मग तिचं बोट गळ्यावरच्या दोऱ्याशी आलं आणि थांबलं. तिची गाठ दोऱ्याच्या ओळीत चपटी बसते. ही गाठ आडवी उभी होती, एक टोक वर, एक खाली.

"सुईताई, ही तू बांधलीस?"

सुईताईने बाटली दिव्याखाली धरली. तिचा चेहरा अपमान झाल्यासारखा झाला. "असली गाठ मी बांधीन? ही तर ओढली की सुटेल."

३

संध्याकाळी भाचेसून जेवणाचा डबा घेऊन आली. ही शाळेत गणित शिकवायची आणि घरीही फळ्यासमोर उभी असल्यासारखी बोलायची. आत्याने तिला समोर बसवलं. त्या सकाळी दुकानात पाऊल टाकलेलं दुसरं माणूस हीच होती.

"त्या दिवशी तू फ्रीज उघडलास?"

"नाही. नाश्ता टेबलावर ठेवला. तुम्ही टोचून घेतलंत, माझ्यासमोर खायला बसलात, मी गेले. मला पहिला तास होता."

"मला तुमच्याकडे न्यायचं ठरवलंय. तुला फार आनंद झाला असेल."

भाचेसुनेने चष्मा काढला. "खरं सांगू का आत्या? मला तुम्ही यायला अजिबात नको आहात. तिसऱ्या दिवशी आपण एकमेकींच्या झिंज्या उपटू. तुम्हाला माझं घर आवडणार नाही आणि मला तुमच्या सरसाचा वास. पण हे ऐकायलाच तयार नाहीत. तुम्ही पडल्यापासून धड जेवलेले नाहीत, रात्री उठून बसतात."

आत्याला ही पहिल्यांदाच मनापासून आवडली. संशयितांच्या रांगेतून तिला काढून टाकावं लागलं याचं थोडं वाईटही वाटलं.

"एक विचारू?" भाचेसून म्हणाली. "सुईताईंनाही मधुमेह आहे ना? त्यांच्या गोळ्या तुमच्या चहाच्या डब्याशेजारीच असतात. तुमच्या रक्तदाबाच्या गोळ्याही तिथेच. त्यांची एखादी चुकून तुम्ही घेतली असेल तर?"

सुईताई आतून ऐकत होतीच. ती तरातरा बाहेर आली आणि गोळ्यांची पट्टी तिने टेबलावर आपटली. "न्या! तपासून घ्या! खळ मी बिघडवली, आता आत्यालाही मीच पाडलं!"

"गप गं," आत्या म्हणाली. "उद्या डॉक्टरीणबाईंकडे जाणारच आहे, तोवर टोचायचं नाही असं दवाखान्यात बजावलंय. बाटली नेते, तिचं खोकं नेते आणि तुझ्या गोळ्याही नेते."

भाचेसून डबा आवरून उठली. दारात पोचल्यावर तिला काहीतरी आठवलं. "तुमचा नळ आता गळत नाही ना?"

"कुठला नळ?"

"मोरीतला. तुम्ही पडलात त्याच्या आदल्या संध्याकाळी हे दुरुस्त करायला आले होते. तुम्ही बांधलेली पुस्तकं पोचवायला गेला होतात म्हणे. आपल्याकडच्या जादा किल्लीने उघडलं, फार वेळ लागला, असं सांगत होते."

 भाचेसून गेल्यावर आत्या मोरीत गेली आणि नळाकडे बघत उभी राहिली. तो नळ जन्मात कधी गळला नव्हता.

४

डॉक्टरीणबाईंनी आधी आत्यालाच फैलावर घेतलं. साखर इतकी पडूनही घरी सोडल्याच्या दुसऱ्याच दिवशी एकटीने चालत यायचं म्हणजे काय? आत्याने ते शांतपणे ऐकून घेतलं आणि पिशवीतल्या वस्तू टेबलावर मांडल्या.

"आधी या गोळ्या. सुईताईच्या. यातली एखादी चुकून पोटात गेली असेल, तर मी पडेन?"

डॉक्टरीणबाईंनी पट्टी उलटून पाहिली. "साखरेच्या सगळ्या गोळ्या एकसारख्या नसतात आत्या. काही गोळ्या शरीराला जास्त इन्शुलिन सोडायला लावतात. त्या चुकून घेतल्या तर साखर धाडकन पडू शकते. ही त्यातली नाही. ही साखर चढू देत नाही, पण एखादी घेतली म्हणून कोणी बेशुद्ध पडत नाही. सुईताई सुटल्या."

"सांगते तिला. नाहीतर जन्मभर ऐकवेल. आता ही बाटली."

बाईंनी बाटली उजेडात धरली, हलकेच घोळवली. "औषध छान आहे."

"तेच तर. त्या दिवसापासूनच छान आहे. आधी त्यात कण दिसायचे. काचेला आतून चिकटलेले."

बाईंचा हात जागीच थांबला. "हे मला का नाही सांगितलंत?"

"मला वाटलं चष्मा."

बाईंनी खोकं जवळ ओढलं. खोक्यावरचा छापील बॅच नंबर वाचला, मग बाटलीवरचा वाचला, मग पुन्हा खोक्यावरचा. "ही बाटली या खोक्यातली नाहीच. नंबर वेगळा, मुदतीची तारीखही वेगळी. आत्या, तुमचं औषध कोणीतरी बदललंय."

दवाखान्याबाहेर कोणीतरी खोकत होतं. आत्याने खुर्चीचे हात घट्ट धरले.

"विषारी काही ठेवलंय?"

"उलट. चांगलं ठेवलंय," बाई म्हणाल्या. त्यांचाही चेहरा उतरला होता. "बिघडलेलं होतं ते आधीचं. कण धरले म्हणजे इन्शुलिनची ताकद गेलेली. म्हणून तुमची साखर चढत होती, आणि मी डोस वाढवत सुटले. बाटली बघायला मागायला हवी होती मी. सोळाचं काम करायला त्या मेलेल्या औषधाचे सव्वीस लागत होते. मग एके दिवशी अचानक ताजं, पूर्ण ताकदीचं औषध आलं..."

"आणि मी सव्वीस टोचले."

"आणि तुम्ही सव्वीस टोचलेत. आजपासून परत सोळा. रोज साखर तपासायची आणि मला कळवायची."

आत्याने मान हलवली. इतके दिवस तिच्या छातीवर कोणीतरी बसलं होतं, ते उठून गेल्यासारखं वाटलं. ती विसरली नव्हती. तिचं डोकं शाबूत होतं.

"पण औषध बिघडतं कशाने?" तिने उठता उठता विचारलं. "मी तर कायम फ्रीजमध्ये ठेवते."

"उन्हाने बिघडतं. किंवा उलट, गोठलं तर. एकदा बर्फ झाला की नंतर वितळून पूर्वीसारखं दिसलं तरी ते टाकूनच द्यायचं."

आत्या दारातच थबकली. गोठून वितळलं की पाणी सुटतं आणि खाली स्पंजासारखा गोळा राहतो. अशी एक गोष्ट तिने बघितली होती आणि तिच्यावरून एका निरपराध बाईला फाडून खाल्लं होतं. खळ!

५

कसर लागलेल्या पुस्तकांवर आत्याचा एकच इलाज होता, थंडी. जुन्या पुस्तकाला औषध फवारलं की कागद खराब होतो. म्हणून पुस्तकं प्लॅस्टिकमध्ये घट्ट गुंडाळायची, बाजारातल्या कोल्ड स्टोरेजमध्ये ठेवायची, किडे मरू द्यायचे. परत आणल्यावर बोचकं खोलीत तसंच पडू द्यायचं आणि पुस्तकांचा गारवा पुरता गेल्यावरच सोडायचं. घाई केली की कागदावर दव धरतं आणि कडा लाटांसारख्या उठतात.

मध्यंतरी एका शाळेचे जुने खंड आले होते. कोल्ड स्टोरेज भाच्याच्या ऑफिसच्या वाटेवर होतं, म्हणून त्याने ते काम अंगावर घेतलं होतं. नेमकी त्याच वेळी आत्याला सर्दी झाली. ती मागच्या खोलीत पडून होती, सुईताईला सुट्टी होती आणि आत्याच्या बाटल्यांपैकी चालू होती तेवढी एकच तिच्या उशाशी होती. बाकीच्या फ्रीजमध्ये.

आत्याने ते खंड फळीवरून खाली काढले. कडांवरून बोट फिरवलं. लाटा.

मग तिने फ्रीजमधला बर्फाचा खण उघडला आणि विजेरी आत मारली. मागच्या भिंतीवर बर्फाचा जाड थर होता. त्यात एक कागदाचा कपटा अडकला होता. तिने तो वाफ देऊन सोडवला. निळ्या रेघांची चौकट, आत शाळेचा शिक्का.

रविवारी भाचा टेम्पो घेऊन आला तेव्हा शटर भाचेसुनेने आणलेल्या जादा किल्लीने अर्धं वर केलेलं होतं. टेबलामागे आत्या बसली होती, अंगात कामाचा एप्रन. एका बाजूला सुईताई, दुसऱ्या बाजूला भाचेसून, तिलाही बोलावून घेतलं होतं. टेबलावर सरसाचा डबा, सिरिंजचं पाकीट, सुईताईच्या गोळ्या, खोकं, बाटली आणि तो कपटा.

"आत्या, नाटकं नकोत. सामान कुठंय?"

"बस."

"टेम्पोवाला थांबलाय."

"थांबू दे. बस म्हटलं ना."

तो बसला. तिने एकेक वस्तू पुढे सरकवली. हे बंद पाकीट, हा डाग दिलेला डबा, म्हणून दोनदा टोचणं अशक्य. या सुईताईच्या गोळ्या, त्यांनी माणूस पडत नाही. हे खोकं आणि ही बाटली, दोघांचे नंबर वेगळे. म्हणजे माझं औषध कोणीतरी बदललं, आणि तेही चांगल्या औषधाने. असं कोण करतं?

"कोण?" भाचा म्हणाला. त्याचा आवाज आधीच बसला होता.

"ज्याने पहिलं औषध बिघडवलं तोच. शाळेचे खंड तू कोल्ड स्टोरेजला नेलेच नाहीस. वाकडी वाट कशाला करायची? इथेच, या खणात न गुंडाळता कोंबलेस आणि फ्रीजचं बटण शेवटापर्यंत फिरवलंस. किडे मेले. त्यांच्याबरोबर सुईताईची खळ मेली आणि माझं इन्शुलिनही."

"हे तुझे अंदाज आहेत."

"हा शिक्का त्या खणात बर्फाला चिकटलेला होता. आणि कधीही न गळणारा माझा नळ तू दुरुस्त करून गेलास, तेही मी पडायच्या आदल्या संध्याकाळी."

भाचेसुनेने नवऱ्याकडे पाहिलं. गणित सुटल्यावर ती अशीच बघत असावी.

"एवढ्यावर माणूस दोषी ठरत नाही," तो पुटपुटला.

"नाही ठरत," आत्या म्हणाली आणि तिने बाटली उचलून त्याच्या डोळ्यांसमोर धरली. "म्हणून ही गाठ बघ. नवी बाटली जुनीसारखी दिसावी म्हणून तू तिला दोरा बांधलास. आता खाली बघ."

सगळ्यांनी खाली पाहिलं. त्याच्या बुटावर नाडीचा फास आडवा उभा होता, एक टोक वर, एक खाली.

"पहिल्यांदा शाळेत गेलास तेव्हापासून शिकवतेय," आत्या म्हणाली. "डावं उजव्यावर, मग उजवं डाव्यावर. तू दोन्ही वेळा डावंच उजव्यावर घेतोस. ही गाठ मी अंधारात बोटांनी ओळखीन."

६

 बाहेर टेम्पोवाल्याने हॉर्न दिला. सुईताई उठून त्याला दोन शब्द सुनावून आली.

"बाटल्या गोठल्या होत्या," शेवटी भाचा म्हणाला. "मी वितळू दिल्या. पूर्वीसारख्याच दिसत होत्या, म्हणून काही बोललो नाही. मग तू पडायच्या आदल्या दिवशी ऑफिसातल्या एकाने सांगितलं की गोठलेलं इन्शुलिन फुकट जातं. मला घाम फुटला. तुझी चालू होती तेवढी एकच बाटली उरली होती, म्हणून नवी बाटली आणली, तुझ्या बाटलीत होतं तेवढंच औषध ठेवलं, दोरा बांधला. कोणाला कळणारही नाही आणि तुझंही ठीक होईल, असं वाटलं. सोळा युनिटने काय होणार होतं?"

"सव्वीस," आत्या म्हणाली.

"काय?"

"त्या मेलेल्या औषधाने साखर चढत गेली. बाईंनी डोस सव्वीसवर नेला. तुझ्या भीतीने मी तो लपवला. तेवढी चूक माझी, ती मी या दोघींसमोर कबूल केलीय."

त्याचा चेहरा पांढराफटक पडला. त्याने दोन्ही हातांनी टेबल धरलं. "म्हणजे मी... आत्या, मी तुला..."

"जवळजवळ."

भाचेसुनेने नवऱ्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि लगेच काढूनही घेतला. "आणि त्या पडल्यावर?" तिने विचारलं. "तेव्हा का नाही बोललात?"

"डॉक्टर म्हणाला, दोनदा घेतलं असणार." तो आत्याकडे बघत नव्हता. "मला ते खरं असायला हवं होतं. इतकं हवं होतं की दोन दिवसांत मला ते खरंच वाटायला लागलं."

आता मात्र आत्याचा आवाज चढला. इतके दिवस दाबून धरलेलं सगळं त्यात होतं.

"तू मला मारायला निघाला नव्हतास, हे मला कळतं. आळस केलास, घाबरलास, माणूस आहेस. पण स्वतःची चूक झाकायला तू माझं डोकं गेलंय असं ठरवलंस! माझ्या तोंडावर म्हणालास, तुला आठवत नाही हेही आठवत नाही. चार दिवस मी रात्री उठून स्वतःचीच परीक्षा घेत होते, माहितेय? या फळीवर काय, त्या फळीवर काय. साखर उतरली तर ग्लुकोज आहे. माणसाचा स्वतःवरचा विश्वास उतरला तर कुठलं सलाइन लावणार होतास तू?"

भाचा रडत होता. लहानपणी रडायचा तसाच, आवाज न करता आणि नाक वर ओढत. आत्याला भयंकर राग आला होता आणि त्याच वेळी त्याला रुमाल द्यावासाही वाटत होता. तिने आधी हात पुढे केला.

"किल्ल्या."

त्याने खिशातून जुडगा काढला, पण लगेच सोडला नाही. "आत्या, परत असं झालं तर? तू इथे एकटी..."

"झालं तर पडेन. साखर रोज तपासेन, बाईंना कळवेन, ग्लुकोज उशाशी ठेवेन, आणि तरी पडले तर पडेन. पण माझ्या दुकानात पडेन आणि माझ्या चुकीने पडेन. माझ्या चुका करायचा हक्क माझा आहे. तो मी तुला दिलेला नाही."

जुडगा तिच्या तळहातावर पडला. सुईताईने शटर पूर्ण वर ढकललं आणि उजेड थेट दाबयंत्रापर्यंत आला. भाचेसून टेम्पोवाल्याला परत पाठवायला बाहेर गेली. जाताना तिची पावलं जरा जास्तच हलकी पडत होती.

"आणि हिची माफी माग," आत्याने सुईताईकडे बोट दाखवलं. "खळीपायी माझी बोलणी खाल्लीत तिने."

"तुम्हीही मागा," सुईताई म्हणाली. "बोललात तुम्ही."

आत्याने मागितली. सुईताईने ती सावकाश, चवीने ऐकून घेतली.

संध्याकाळच्या डोससाठी आत्याने डॉक्टरीणबाईंकडून आणलेली नवी, कोरी बाटली काढली. बॅच नंबर तिने खोक्याशी स्वतः ताडून पाहिला. मग मेणाचा दोरा कापला आणि भाच्यापुढे धरला.

"बांध."

"मी?"

"तूच. नीट. डावं उजव्यावर, मग उजवं डाव्यावर."

त्याने चष्मा वर केला, जीभ दातांत धरली आणि खूप वेळ घेऊन गाठ मारली. आत्याने बाटली हातात घेऊन बोट फिरवलं. गाठ आडवीच उभी होती, एक टोक वर, एक खाली.

"सोडून परत बांधू?" त्याने विचारलं.

"राहू दे," आत्या म्हणाली. "कोणी बांधली ते आता मला माहीत आहे."

आणि बाटली तळहातांत घोळवून तिने सोळा युनिट भरले.